रिकाम्या खाटेचं नाव

जळगाव,
रविवार

प्रिय दिपू,

पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर आधी त्याला आवक क्रमांक पडला असता, मग तुझ्या क्लार्कने वाचलं असतं आणि शेवटी तू. धुळ्याचं, देवपुरातलं घर तेच असेल असं धरून चालले आहे.

आधी घरची खबरबात. प्रेमराज अजून जिल्हा परिषदेच्या शाळेतच आहेत, फक्त आता मुख्याध्यापक झाले, म्हणजे शिकवणं कमी आणि खिचडीचे तांदूळ सांभाळणं जास्त. आमचा तेजस पुण्याला नोकरीला लागला. फोन करतो तेव्हा आधी प्रेमराजांशी क्रिकेटवर बोलतो आणि मग मला विचारतो, भरीत कसं करायचं. माझ्या सासूबाई, आमच्या अक्का, मार्चमध्ये पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऑपरेशनची गोष्ट ऐकवतात. त्या ऑपरेशनबद्दल पुढे लिहिते, कारण त्यात तुझाही संबंध आहे.

मी जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात आहे हे तुला कुणाकडून तरी कळलं असेलच. गेल्या काही काळापासून तिथला गुणवत्ता कक्ष माझ्याकडे आहे. तुझ्याकडेही असंच चालत असणार. हात धुण्याचा दिवस साजरा केला की हातांपेक्षा फोटो महत्त्वाचा, आणि फोटोच्या कोपऱ्यात ठिकाण आणि वेळ उमटली पाहिजे. मागे एकदा मुली बाहुलीला आंघोळ घालून दाखवत होत्या, तर फोटो काढणारा म्हणतो, "मॅडम, बाळ जरा खिडकीकडे न्या, लोकेशन येत नाही." बाळ साबणाने माखलेलं. एका मुलीने ते तसंच उचलून खिडकीत नेलं आणि मी तिला ओरडले, की खरं बाळ असतं तर असं उचललं असतंस का? तरी या कामाला मी नावं ठेवणार नाही. चेहऱ्याची हजेरी आल्यापासून नुसत्या कागदावर असणारे शिक्षक कमी झाले आहेत. आमच्या संस्थाचालकांना मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की जे नाही ते नाही असं लिहीन. ते म्हणाले, "मग जे नाही ते आणावं लागेल." नवजात बाळांच्या विभागासाठी त्यांनी सरकारी दवाखान्याशी करार केला, मुलींसाठी बस घेतली. कुरकुर करत केलं, पण केलं.

आता अमळनेरचं. त्या इन्स्पेक्शनच्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. तू विद्यापीठाच्या समितीत होतीस, मी तपासल्या जाणाऱ्या कॉलेजात ट्यूटर होते. तुझी बाजू अहवालात होती, ती मी वाचली. माझी बाजू कुठे लिहायची तशी सोय नसते, म्हणून इथे लिहिते.

तिथल्या संस्थाचालकांना, शालिग्राम आबांना, तू त्या एका दिवसापुरतं पाहिलंस. माणूस वाईट नव्हता. गावोगावच्या पोरींना घराजवळ शिकता यावं असं त्यांना खरोखर वाटायचं, आणि धुळे रस्त्यावरची स्वतःची जमीन त्यांनी कॉलेजला दिली होती. शंभर खाटांचं रुग्णालयही बांधलं. पण इमारत उभी राहिली म्हणून डॉक्टर राहायला येत नाहीत आणि डॉक्टर नाही म्हटल्यावर पेशंट कशाला येईल? लोक आमच्या दारावरून सरळ धुळ्याला जायचे. एरवी वॉर्डात पाच-सात माणसं असायची, तीही सलाईन संपलं की उठून जाणारी. पहिल्या वर्षाच्या मुली माझ्याकडे होत्या. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या हातापाया पडून मी आठवड्यातून दोनदा त्यांना तिकडे न्यायची परवानगी मिळवली होती. एसटीने न्यायचे. कंडक्टर ओरडायचा, की बाई, रोज वऱ्हाड घेऊन कुठे चाललात. उरलेल्या दिवशी आम्ही आमच्या रिकाम्या वॉर्डात शिकायचो. औषध देण्याआधी पेशंटला नाव विचारायचं, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचं, हा धडा मी रिकाम्या खाटेसमोर घ्यायचे. एक मुलगी ट्रे घेऊन खाटेपाशी जायची आणि उशीला विचारायची, "आजी, तुमचं नाव काय?" बाकीच्या पोट धरून हसायच्या. मग मी त्यांनाच आळीपाळीने खाटेवर झोपवायला लागले.

तुमची समिती यायची होती त्याच्या आधी आबांनी मला बोलावलं. "धुळ्याच्या दिपमाला मॅडम येताहेत. तुमच्या बरोबरच्या ना? एक फोन टाकून ठेवा." मी म्हटलं, "आबा, ते बरं दिसणार नाही. त्यांचंही नाव जाईल आणि आपलंही." ते चिडले नाहीत. "बघा, तुमची मर्जी," एवढंच म्हणाले. मी फोन केला नाही. तूही केला नाहीस, आणि त्या वेळी मला त्याचं बरंच वाटलं होतं. आपण दोघी एकाच मेट्रनच्या हाताखाली तयार झालेल्या, असं मनात म्हटलंही.

त्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर सगळ्या खाटा भरलेल्या. आजूबाजूच्या गावांत मोफत तपासणीचं शिबिर म्हणून सांगितलं होतं आणि गाड्या पाठवून माणसं आणली होती. ऑफिसात दोन बाया आमच्या कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून बसल्या होत्या. त्या प्राध्यापक आहेत असं मला शिपायाने सांगितलं. मी सुपरिंटेंडेंटच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, हे करू नका. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तुमच्या मुलींचं बघा." मी मुलींचं पाहिलं. त्यांच्या टोप्या नीट केल्या आणि कुणी काही विचारलं तर जे माहीत आहे तेच सांगा, असं सांगितलं.

मग तू आलीस. शिकताना होस्टेलमध्ये आपण दोघींनी एका बादलीत केस धुतलेले, आणि तू माझ्याकडे बघून आमच्या प्राचार्यांना विचारलंस, "या मॅडम कोणता विषय घेतात?" मीच उत्तर दिलं. तू लिहून घेतलंस आणि पुढे गेलीस. बरोबरच होतं.  नंतर तू भिकुबाई नावाच्या एका म्हातारीच्या खाटेवर टेकलीस आणि आपल्या अहिराणीत विचारलंस, "माय, काय व्हयेल शे तुले?" म्हातारी खूश झाली. म्हणाली, "माले काय व्हस? काहीच नही. गाडी उनी, बठ्ठासले लई उनी. जेवन शे म्हनत." आजार काही नाही, जेवण आहे म्हणून गाडीने सगळ्यांना आणलंय, हे तिनेच सांगून टाकलं. तिच्या पायावरची चादर सारखी केलीस आणि उठलीस. आबा तुझ्या मागेच उभे होते. त्यांच्यासाठी आजही वाईट वाटतं ते त्या क्षणाचं. त्यांनी त्या दिवशी खास मांडे करवले होते, पुरणाचे, तुझ्या माहेरी करतात तसे. तुम्ही तिघांनी गाडीत बसून आपापले डबे खाल्ले. संध्याकाळी ते मांडे मुलींनी संपवले, आणि काय घडून गेलंय याचा पत्ता नसल्यामुळे आनंदाने संपवले.

अहवाल आला, नवे प्रवेश थांबले, आणि पुढच्या सत्रात मुलींना दुसऱ्या कॉलेजांत हलवायचा आदेश निघाला. आबांनी मला समोर बसवून विचारलं, "तुमचीच मैत्रीण ना हो ती? तुम्हीच कळवलं असणार." मी नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. सोबतच्या ट्यूटरनाही पटलं नाही. ज्यांच्याबरोबर रोज डबा खायचे त्या मी आले की गप्प व्हायच्या. मुलींचे आईबाप आले. विधी नावाची एक मुलगी होती, अमळनेरच्या धान्याच्या व्यापाऱ्याची, घेवरचंदजींची. त्यांच्या घरात मुलीने नर्सिंगला जाणं कुणालाच पसंत नव्हतं. मी दोनदा त्यांच्या दुकानात जाऊन त्यांना तयार केलं होतं. ते ऑफिसच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे पाहून पोरीला इथे टाकलं होतं."  महिन्याभराने मला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

मी बरेच दिवस घरी होते. अहवालाची प्रत माझ्याकडे होती. खाटांबद्दल, त्या दोन बायांबद्दल तू जे लिहिलंस ते शब्दाशब्दाला खरं होतं. मला टोचलं ते एकच वाक्य, "विद्यार्थिनींना प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव नाही." दिपू, आठवड्यातून दोन दिवस होता. एसटीने जाऊन मिळवलेला होता. तू मुलींना विचारलं असतंस तर त्यांनी सांगितलं असतं. वेळ कमी होता, संध्याकाळच्या आत अहवाल द्यायचा होता, हे आता मला कळतं, कारण आता मीही ती घाई पाहते. पण तेव्हा वाटायचं, निदान सगळं संपल्यावर तरी हिने फोन करावा. इन्स्पेक्शनच्या आधी तू बोलली नाहीस ते मला समजतं. नंतर का बोलली नाहीस ते अजून समजलेलं नाही. तुझ्या लेखी कदाचित मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण नोकरी माझी गेली होती.

आता अक्कांच्या ऑपरेशनचं. इथल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी वॉर्डची इनचार्ज सिस्टर आली आणि माझ्या पाया पडली. विधी. चष्मा लागला आहे, आवाज करारी झाला आहे, मी ओळखलंच नाही. त्या मुलीने अक्कांना पार वैताग आणला. गोळी द्यायला आली की नाव विचार, इंजेक्शन द्यायला आली की नाव विचार. तिच्या हाताखालच्या पोरीही तसंच करायच्या. अक्का म्हणाल्या, "कितला डाव सांगू व तुले? कौतिकबाई!" विधी म्हणायची, "पूर्ण नाव, आजी." मग अक्का रागारागाने माझ्या सासऱ्यांचं नाव आणि आडनाव जोडून सांगायच्या. "कौतिकबाई रतिलाल पाटील, आते लिखी ठेव कपायवर."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अक्कांना रक्त चढवायचं होतं. नवी लागलेली एक नर्स पिशवी घेऊन आली. घाबरट होती बिचारी, त्यात वॉर्ड भरलेला. विधी दुसऱ्या बाजूला उभी राहिली, कारण रक्त लावताना दोघींनी बघायचं. तिने अक्कांना नाव विचारलं. अक्कांनी ठरल्याप्रमाणे चिडून सांगितलं. विधीने पिशवीवरचं मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. पिशवीवर होतं कौतिकबाई सुकदेव पाटील. पलीकडच्या खोलीत त्या नावाच्या दुसऱ्या बाई होत्या. आपल्या खान्देशात कौतिकबाई पाटील किती निघतील ते तू सांग. रक्तगट बी होता. अक्कांचा ओ. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, इतकी वर्षं हेच शिकवत आलेली, आणि मला नर्सच्या हातातली पिशवी पाहून काहीही खटकलं नव्हतं. मी त्या वेळी फक्त सून होते. विधीने पिशवी खाली ठेवली, त्या पोरीला बाहेर नेलं, आवाज न चढवता काहीतरी सांगितलं आणि योग्य पिशवी येईपर्यंत तिथेच उभी राहिली. अक्कांना आजही माहीत नाही काय होणार होतं. त्या अजून सांगतात, की दवाखाना चांगला, पण पोरी विसराळू.

ड्यूटी संपल्यावर विधी माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, चांगलं शिकलीस. ती म्हणाली, "मॅडम, सुरुवात तुमच्याकडे झाली. पण खरं माणूस समोर ठेवून करून घेतलं ते धुळ्याच्या मॅडमनी." मग तिने मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आमच्या मुलींपैकी बऱ्याच जणी तुझ्याकडे आल्या होत्या. तुझ्याच स्टाफने कुरकुर केली होती, की या कच्च्या मुली आपला निकाल खाली आणतील. तू त्यांना सुट्टीत घरी जाऊ दिलं नाहीस. पहिल्या वर्षाचं सगळं पुन्हा करायला लावलंस, वॉर्डात, तू स्वतः उभी राहून. त्या तुला मागून जेलर म्हणायच्या. आणि एके दिवशी तू विधीला विचारलंस, "तुमच्या कोकिळा मॅडम कसं शिकवायच्या?" विधीने एसटीचं सांगितलं, कंडक्टरचं सांगितलं आणि त्या रिकाम्या खाटेचंही सांगितलं. उशीला नाव विचारायचो हे सांगताना ती हसायला लागली, पण तू हसली नाहीस, असं ती म्हणाली. तू वॉर्डातून निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी राउंडला आलीस तेव्हा सगळ्यांना म्हणालीस, "नाव विचारायचं तुम्हाला नीट शिकवलंय. आता उत्तर ऐकायला शिका."

दिपू, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. तुझ्याकडून कळलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं, तेही लिहून टाकते. माझा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. निम्मा गेला. जो उरला आहे तो तुझ्यासमोर बसून, एकदा नीट भांडून संपवावा असा आहे.

मार्चमध्येच लिहिणार होते, पण राहून गेलं. आज लिहिते आहे त्याचं कारण वेगळं आहे. विद्यापीठाच्या तपासणी समित्यांसाठीच्या शिक्षकांत यंदा माझं नाव घेतलं आहे. गुरुवारी फोन आला, की तुमची पहिली समिती धुळ्याला, आणि कॉलेज तुझं निघालं. मला माहीत होतं की तू तिथे प्राचार्य झालीस. पलीकडच्या माणसाने नेहमीचं विचारलं, "मॅडम, तिथे तुमचं कोणी नातेवाईक नाही ना?" मी म्हटलं, नातेवाईक नाही, पण तिथली प्राचार्य माझी मैत्रीण आहे. तो म्हणाला, "मैत्रीण चालते हो मॅडम, नातेवाईक नको." मी म्हटलं, मला चालत नाही, माझ्या जागी दुसरं कोणी पाठवा. त्याने थोडी कटकट केली, पण काल नाव बदलल्याचं कळवलं. तेव्हा तुझ्याकडे जे कोणी येतील ते येतील, मला त्यांची नावं माहीत नाहीत आणि मी कुणाशी बोलणारही नाही. तुझं इन्स्पेक्शन होईपर्यंत मी धुळ्याला पाऊलही ठेवणार नाही. ते झालं की पहिल्या एसटीने येते. फक्त एक गोष्ट फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आली. विद्यापीठाच्या त्या माणसाला तू माझी मैत्रीण आहेस असं मी सांगितलं, ते तुला न विचारता सांगितलं. इतक्या वर्षांत आपण एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही, आणि माझ्या तोंडून मात्र ते एका दमात निघालं. मी दिलेली माहिती बरोबर आहे का, एवढंच मला कळव.

उलट कळवेपर्यंत तुझीच,
कोकिळा